एक पलटण निवड

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सैन्याचे जुने बॅज जमवायचे आहेत, हाताशी थोडे पैसे आहेत, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. माझं उत्तर एवढंच, की एक पलटण निवड आणि तिचा इतिहास पाठ होईपर्यंत खिशात हात घालू नकोस. हे का म्हणतो ते आता सविस्तर सांगतो.

या छंदात येणारा बहुतेक माणूस जे चकाकतं ते उचलतो. जर्मन गरुड, रशियन तारे, ब्रिटिश सिंह, आपले अशोकसिंह, सगळं एकाच डब्यात. दोन-तीन वर्षांत डबा भरतो, पण त्यातल्या एकाही वस्तूबद्दल त्याला चार वाक्यं खात्रीनं बोलता येत नाहीत. आणि ज्याला खात्रीनं बोलता येत नाही, त्याला कोणीही काहीही विकू शकतं. या बाजारात नकली मालावर एकच भरवशाचा इलाज आहे, तो म्हणजे एका छोट्या तुकड्याची खोल माहिती.

तू साताऱ्याकडचा, म्हणून मराठा लाइट इन्फन्ट्रीचं उदाहरण घेतो. या रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण, जिला 'जंगी पलटण' म्हणतात, ती १७६८ची. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात अशा पायदळ पलटणी एकामागून एक उभ्या राहिल्या आणि त्यांना साधे क्रमांक होते: तिसरी, पाचवी, दहावी, चौदावी, सोळावी, सतरावी. १९०३ साली लॉर्ड किचनर सरसेनापती असताना संपूर्ण हिंदी सैन्याला सलग क्रमांक देण्यात आले. त्यात मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यांत शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ झाली, पाचवीची १०५, दहावीची ११०, आणि पुढे ११४, ११६, ११७. १९२२च्या फेररचनेत या सहा जणी एकत्र आल्या आणि '५वी मराठा लाइट इन्फन्ट्री' तयार झाली. १०३ पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी आणि ११४ बेळगावची प्रशिक्षण बटालियन. १९४५ साली पुढचा पाचाचा आकडा गेला. स्वातंत्र्यानंतर २६ जानेवारी १९५०ला मुकुट गेला आणि अशोकसिंह आले.

ही शिडी पाठ केलीस की बघ काय होतं. '१०५' असा आकडा असलेला बॅज किंवा शोल्डर टायटल, म्हणजे खांद्यावरचं पलटणीच्या नावाचं धातूचं चिन्ह, समोर आला, तर तो १९०३ ते १९२२ या काळातलाच असू शकतो. विक्रेता जर सांगत असेल, "साहेब, हा सत्तावन्नच्या बंडातला आहे," तर वाद घालायची गरज नाही. त्या वेळी १०५ नावाची मराठा पलटणच नव्हती. मराठाच्या पुढे नुसता '५' असेल तर १९२२ ते १९४५. आकडा नाही पण मुकुट आहे, तर बहुधा १९४५ ते १९५०, आणि ही खिडकी फक्त पाच वर्षांची असल्यामुळे असे नग लक्षपूर्वक बघण्यासारखे असतात. अक्षरांकडेही बघ. जुन्या रोमन स्पेलिंगमध्ये 'आर'च्या आधी 'एच' येतो आणि 'टी' दोन असतात. आजच्या स्पेलिंगमध्ये 'टी' एक आणि 'एच' त्याच्या नंतर. अशोकसिंह आणि जुनं स्पेलिंग एकाच बॅजवर दिसलं तर लगेच फेकून देऊ नकोस, कारण असे बदल एका रात्रीत होत नाहीत, साचे आणि जुना साठा संपेपर्यंत चालतो. पण भुवई उंचवायला हरकत नाही.

मुकुटाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त फसतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळात बॅजवर एका घडणीचा मुकुट होता. १९०१ साली सातवा एडवर्ड गादीवर आल्यानंतर गोल घुमटासारख्या कमानीचा 'राजाचा मुकुट' आला आणि तो १९५२पर्यंत टिकला. त्यानंतर दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात, मध्ये खोलगट कमान असलेला सेंट एडवर्ड मुकुट आला. आता विचार कर. भारताच्या सैन्यानं १९५०ला मुकुटच सोडला. म्हणजे एलिझाबेथच्या काळातला मुकुट आपल्या कुठल्याही रेजिमेंटच्या बॅजवर असण्याचं कारण नाही. ब्रिटिश सैन्यात गेलेल्या गुरखा पलटणींची गोष्ट वेगळी. तरीही असे बॅज विकायला येतात, कारण नकला करणाऱ्यांच्या हाताशी जो साचा असतो तोच ते वापरतात. एक सावधगिरी मात्र ठेव. व्हिक्टोरियाच्या मुकुटाची कमानही वरून थोडी दबलेली असते, त्यामुळे घाईत तो एलिझाबेथचा वाटू शकतो. दोन्हींचे चांगले फोटो शेजारी ठेवून डोळा तयार कर. हे एका दुपारचं काम आहे आणि आयुष्यभर उपयोगी पडतं.

आता मागची बाजू. बॅज हातात आला की मी आधी तो उलटा करतो. पुढची बाजू दाखवण्यासाठी असते. मागच्या बाजूला तो कसा घडला ते दिसतं.

चांगल्या कारखान्यात बॅज ठशाने बनत. पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा पत्रा दोन पोलादी ठशांमध्ये दाबला जाई, त्यामुळे पुढे जो उठाव असतो त्याचा खोलगट उलटा छाप मागे दिसतो. रेषा धारदार येतात. मराठा बॅजवरच्या बिगुलाची दोरी आणि बिगुल यांच्यामधली मोकळी जागा पंचने कापलेली असते आणि भिंगाखाली तिच्या कडेवर कापल्याच्या सरळ खुणा दिसतात. ओतीव बॅज वेगळा. त्याचा पृष्ठभाग किंचित दाणेदार असतो, बारीक छिद्रं असतात, मधल्या मोकळ्या जागांमध्ये धातूचे पापुद्रे राहतात आणि कडांवर कानस फिरवल्याच्या रेघा दिसतात. शिवाय अस्सल बॅजचा साचा काढून त्यात धातू ओतला की थंड होताना तो आकसतो, म्हणून नक्कल मूळ नगापेक्षा किंचित लहान निघते. यासाठी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घे. खात्रीच्या नगाची उंची-रुंदी वहीत लिहिलेली असेल तर दीड-दोन टक्क्यांचा फरकसुद्धा बोलून दाखवतो.

परदेशी संग्राहक ओतीव दिसलं की लगेच 'नकली' म्हणून बाजूला ठेवतात. आपल्याकडे हा नियम आंधळेपणानं लावू नकोस. हिंदी पलटणींचे कितीतरी बॅज छावणीजवळच्या बाजारातल्या कारागिरांकडून वाळूच्या साच्यात ओतून घेतलेले असत. ते अस्सलच. शिपायांनी ते खरोखर लावले. म्हणून ओतीव नगाच्या बाबतीत प्रश्न बदलायचा: हा ओतीव आहे का, असं नको, तर याच्या अंगावर वापराचं वय आहे का, असं विचारायचं.

ते वय कुठं दिसतं? कड्यांमध्ये. बॅजच्या मागे तांब्याच्या तारेच्या दोन कड्या डाख देऊन बसवलेल्या असतात, त्यांतून पिन जाते. वर्षानुवर्षं पिन आत-बाहेर झाली की कडीच्या आतल्या बाजूला झीज होते. कडी एका अंगाला किंचित वाकते. डाख काळवंडतो. नव्या डाखाची चमक लपवण्यासाठी लोक त्यावर आम्ल किंवा रंग लावतात, पण तो काळेपणा सारखा, सपाट असतो, खाचेत जास्त आणि उंचवट्यावर कमी असा नसतो. कड्यांऐवजी मागे उभी पट्टी असेल, जी टोपीच्या चिरेत सरकवत, तर ती पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतरची. म्हणून व्हिक्टोरियाच्या मुकुटाचा बॅज पट्टीसह आला तर दहा वेळा विचार कर. पुढची झीजही वाच. शिपाई रोज ब्रासोने बॅज घासायचा, त्यामुळे उंच भाग मऊ, गोलसर होतात आणि खोल कोपऱ्यांत पॉलिशचा पांढरट-हिरवट साका बसतो. यंत्राने घासून आणलेली झीज सगळीकडे सारखीच असते.

अधिकाऱ्यांचे बॅज कधी चांदीचे असत. ते इंग्लंडमध्ये बनले असतील तर हॉलमार्क शोध. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग (९२.५ टक्के) चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि सोबतचं एक अक्षर म्हणजे वर्ष. त्या अक्षरांचे तक्ते सहज मिळतात. वर्ष निघालं की ते तुझ्या शिडीशी ताडून बघ. नुसत्या कंपनीच्या नावावर मात्र विसंबू नकोस. बर्मिंगहॅमच्या गॉन्ट या जुन्या बॅज बनवणाऱ्या कंपनीचं नाव मागे कोरलेलं आहे म्हणून नग जुना, असं होत नाही. जुन्या ठशांवर नंतरच्या काळात पुन्हा काढलेले बॅज याच नावानं फिरतात.

यापेक्षाही वाईट म्हणजे कधी अस्तित्वातच नसलेल्या तुकडीचे बॅज. कोणीतरी कवटी, मुकुट, तलवारी आणि एखादं भारदस्त नाव एकत्र करतं आणि 'अतिदुर्मीळ' म्हणून विकतं. दुर्मीळ तर आहेच, कारण खऱ्या जगात तसा एकही नव्हता. इथे पुन्हा एक पलटण निवडल्याचा फायदा होतो. आपल्या पलटणीच्या नावाखाली काय काय होतं हे तुला माहीत असतं, म्हणून जे नव्हतं तेही ओळखता येतं.

आता खरेदी. सुरुवात टोपीच्या बॅजपासून करू नकोस, बटणं आणि शोल्डर टायटलपासून कर. बटणं स्वस्त असतात, मागे बनवणाऱ्याचं नाव आणि बऱ्याचदा पत्ता असतो, आणि पत्ते बदलत गेल्यामुळे त्यांवरून काळ काढता येतो. बटणाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय झाली की बॅज वाचणं सोपं जातं. शोल्डर टायटलमध्ये आकडा आणि नाव दोन्ही असल्यामुळे तुझ्या शिडीचा सरावही होतो.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं सकाळी लवकर जा. मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटला जा, पण शुक्रवार सोडून. नाण्यांच्या प्रदर्शनांत कोपऱ्यातल्या टेबलांवर, नाण्यांच्या ट्रेच्या तळाशी बॅज असतात, कारण नाणीवाल्यांना त्यांत रस नसतो. पण माझ्या मते तुझ्यासारख्यानं सगळ्यात आधी ओळख करून घ्यावी ती मोडवाल्यांशी आणि तांब्या-पितळेची भांडी घेणाऱ्या दुकानदारांशी. जुन्या घरातलं पितळ तिथं किलोवर जातं, आणि त्यात बंब, समया, घंगाळ्यांबरोबर आजोबांच्या ट्रंकेतल्या वस्तूही जातात. किती बॅज असे वितळले असतील याचा विचार करवत नाही. दोन दुकानदारांना सांगून ठेव, की असं काही आलं तर भट्टीत टाकण्याआधी मला दाखवा, वजनापेक्षा चांगला भाव देईन. शब्द दिलास तर तो पाळ. पहिला नग नकली निघाला तरी काहीतरी देऊन ये, म्हणजे दुसरा तुझ्याकडेच येईल.

इंटरनेटवर घ्यायचं तर मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मिळाल्याशिवाय घेऊ नकोस. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तेच त्याचं उत्तर समज. ब्रिटनमध्ये तुझी आत्या असते असं तू लिहिलंस. त्याचा मोठा उपयोग होईल. हिंदी पलटणींतले बरेच गोरे अधिकारी निवृत्तीनंतर आपलं सामान घेऊन तिकडे गेले, त्यामुळे तिथल्या छोट्या लिलावांत आणि जुन्या वस्तूंच्या जत्रांत आपल्या पलटणींचे अस्सल नग अजून दिसतात. आत्याला फक्त फोटो काढायला सांग, निर्णय इथे बसून घे.

कापडी चिन्हांचा मोह पुढे होईलच. दुसऱ्या महायुद्धात मराठा बटालियन ज्या डिव्हिजनांत होत्या, त्यांची दंडावरची चिन्हं देखणी आहेत: काळ्यावर लाल गरुड चौथ्या हिंदी डिव्हिजनचा, काळ्यावर लाल गोळा पाचवीचा. अतिनील टॉर्चखाली नवा धागा निळसर पांढरा चमकतो, कारण चमक आणणारी रसायनं युद्धानंतरच्या काळात सर्रास वापरात आली. पण जुनं चिन्ह कोणीतरी आजच्या साबण-पावडरीत धुतलं असेल तरीही ते चमकेल. म्हणून टॉर्च हा एक पुरावा धर, निकाल धरू नकोस.

घासण्याबद्दल मला फार कळकळीनं सांगायचं आहे. घरात पितळेची वस्तू आली की आई किंवा आजी चिंच, लिंबू नाहीतर पितांबरी घेऊन बसते आणि प्रेमानं ती लख्ख करते. बॅजच्या बाबतीत त्यांना आधीच सांगून ठेव. शंभर वर्षांत चढलेला तो गडद थर धातूचं संरक्षण करतो आणि त्याचं वयही सांगतो. एकदा गेला की तुझ्या हयातीत परत येत नाही. घाण असेल तर मऊ ब्रशनं झटक. फार तर कोमट शुद्ध पाण्यात धुऊन मऊ कापडानं लगेच कोरडा कर. हिरवा थर कडक असेल तर लाकडी दातकोरणीनं, थोडं मशीन ऑइल लावून हळूहळू काढ. पण फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो रोग आहे. तो नग लगेच वेगळ्या डबीत, सिलिका जेलबरोबर कोरडा ठेव.

ठेवण्याच्या बाबतीत आपला पावसाळा हा मुख्य शत्रू. कोकणातल्या घरात जून ते सप्टेंबर उघडा ठेवलेला पितळी नग ऑक्टोबरमध्ये ओळखू येत नाही. हवाबंद डबे आणि सिलिका जेल वापर. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. नाण्यांच्या अल्बमची मऊ पीव्हीसी पानं मात्र टाळ. त्यांतून आम्लयुक्त वाफ सुटते आणि पितळेवर चिकट हिरवा थर येतो. ओकसारख्या लाकडाच्या बंद खणातही तेच होतं. पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लरहित कागद पुरेसे आहेत.

आणि वही. प्रत्येक नगाला एक पान. कुठे मिळाला, कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती पैशाला, काय सांगून दिला, मापं, वजन, पुढचा-मागचा-कडेचा फोटो. विक्रेत्यानं सांगितलेली गोष्ट खोटी वाटली तरी त्याच्याच शब्दांत लिही आणि खाली तुझं मत वेगळं लिही. माझ्या नजरेत बॅजपेक्षा ही वही जास्त मोलाची आहे. बॅज दुसरा मिळू शकतो. तो बेळगावच्या एका घरातून आला आणि त्या घरातला माणूस कूतला होता, हे एकदा निसटलं की कायमचं गेलं.

कूतचं नाव घेतलं म्हणून त्याबद्दल थोडं लिहितो. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये जनरल टाउनशेंडची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन कूत-अल-अमारात अडकली. डिसेंबर १९१५पासून वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ला त्यांना शरण जावं लागलं. त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. कैदेत त्यांच्यातले फार लोक गेले. ११७ला १९२१मध्ये 'रॉयल' हा किताब मिळाला. पण बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि साध्या शिपायांचे पलटणीवार फक्त आकडे. नावं स्वतंत्र यादीत गेली. आज त्या याद्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीनुसार शोधता येतात. १०३ किंवा ११७ असा आकडा तुझ्या तळहातावर येईल तेव्हा तुला तो वाचता यावा म्हणून मी इतका आग्रह धरतो आहे.

साताऱ्याच्या आसपासची गावं फिर. अपशिंगे मिलिटरी तुला माहीतच असेल. कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीचा फोटो काढ, गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोल. कुठल्या गावातून कुठल्या पलटणीत भरती होत असे हे तुला कुठल्याच पुस्तकात इतकं नीट सापडणार नाही.

तुला मराठा लाइट इन्फन्ट्री नको असेल तर महार रेजिमेंट घे. ती १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात उभी राहिली, त्यामुळे काळ छोटा आहे आणि नवख्याला झेपेल असा आहे. तिच्या बॅजचा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. सुरुवातीला त्यावर कोरेगाव भीमाचा जयस्तंभ होता, १ जानेवारी १८१८च्या लढाईचा. पुढे ही मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिपाईवरच्या दोन व्हिकर्स मशीनगन बॅजवर आल्या. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला आणि त्या जागी खंजीर आला. स्तंभ असलेला अस्सल बॅज हा एका समाजानं सैन्यात आपली जागा परत मिळवल्याचा दस्तऐवज आहे. १९१७ साली उभ्या राहिलेल्या १११व्या महार पलटणीचं काही मिळालं तर त्याहून जुनं, पण ती पलटण चार वर्षांतच मोडली, म्हणून तिच्या नावाखाली येणारा प्रत्येक नग नकली समजूनच तपासायला सुरुवात कर.

गोव्यातल्या मित्रांना मी पोर्तुगीज सैन्याची बटणं सुचवतो. तिथं १९१०पर्यंत राजाचा मुकुट आणि प्रजासत्ताकानंतर खगोलाचं, म्हणजे कड्यांच्या गोलाचं, चिन्ह, अशी तितकीच साधी शिडी आहे.

कायद्याचं थोडक्यात. १९७२च्या पुरावस्तू आणि कलाखजिना कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. १०३ ते ११७चे सगळे क्रमांक १९२२ला संपले, म्हणजे ते सगळे नग आता शंभरी ओलांडून गेले. तेव्हा आत्याकडून इकडे येणं ठीक, सीमाशुल्क भरून. इकडून तिकडे भेट म्हणूनही पाठवू नकोस. किल्ल्यावर किंवा जुन्या छावणीच्या जागी मेटल डिटेक्टर घेऊन खणायला जाऊ नकोस. तो गुन्हा तर आहेच, पण जमिनीतली वस्तू उपसली की तिची जागा पुसली जाते, आणि मग तिच्याबद्दल काहीच सांगता येत नाही. आजच्या सैन्याची चिन्हं गणवेशावर लावून मिरवायची नाहीत, हे तुला सांगायला नको.

शेवटी तुझ्या पत्रातला तो प्रसंग. गावातल्या एका आजींनी त्यांच्या सासऱ्यांची दोन पदकं आणि एक बॅज तुला 'घेऊन जा' म्हणून पुढे केला, आणि तू काय करावं ते विचारलंस. अजून घेऊ नकोस. आधी पदकांची कड बघ. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर सहसा शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती पुसट असेल तर तिरक्या उजेडात वाच, घासू नकोस. वाचलेलं सगळं नातवंडांसमोर मोठ्यानं सांग. बहुतेक वेळा घरातल्या पुढच्या पिढीला ते पहिल्यांदाच कळतं आणि वस्तू पुन्हा घरातच राहते. तसं झालं तर फोटो आणि मापं घे, वहीत पान कर, एवढं पुरे. सगळं ऐकूनही त्यांना द्यायचंच असेल, तर तिन्ही वस्तू एकत्रच घे, रास्त पैसे दे आणि कधीही वेगवेगळ्या विकणार नाहीस असं लिहून दे. पदक चांदीचं म्हणून सोनाराकडे आणि बॅज संग्राहकाकडे अशी फाटाफूट मी खूप पाहिली आहे. एकदा फुटलेला संच पुन्हा कोणालाही जोडता येत नाही.

बेळगावला रेजिमेंटल सेंटरचं संग्रहालय आहे. लष्करी आवार असल्यामुळे आधी पत्र लिहून परवानगी घे. गेलास की १९२२च्या आधीच्या बॅजपुढे जास्त वेळ उभा राहा, कारण विकत घेताना तुलना करायला तेच डोळ्यांसमोर असले पाहिजेत. त्या आजींच्या पदकाच्या कडेवर काय निघालं ते मात्र आधी कळव. क्रमांक मिळाला तर मीही माझ्या याद्यांत शोधतो.

कळावे,
तुझा काका